वास, नाक आणि मेंदू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वासाविषयी लोक दोन वेळी विचारतात. एक, काहीतरी छान हुंगलं की. दुसरं, वास यायचा बंद झाला की. कोविडनंतर दुसऱ्या प्रकारचे प्रश्न फार वाढले. दोन्ही इथे एकत्र केले आहेत, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात सापडतं. वास हा विषय कुठल्याच एका शास्त्राचा नाही. रेणू रसायनवाल्यांचा, चेतापेशी मज्जाशास्त्रज्ञांची, वासाला दिलेलं नाव भाषाशास्त्राचं आणि नाक मुरडणं समाजशास्त्राचं. ज्यांचा वास अलीकडेच गेला आहे त्यांनी सरळ प्रश्न १४ पासून वाचायला सुरुवात करावी.

१. वास येतो म्हणजे नाकात नेमकं काय होतं?

फुलातून, फोडणीतून, ओल्या कपड्यातून सुटलेले बारीक रेणू हवेबरोबर नाकात वर जातात. नाकाच्या पोकळीच्या छताशी, दोन्ही बाजूंना, त्वचेचा एक छोटा पट्टा असतो आणि त्यात चेतापेशी असतात. या पेशींच्या टोकांवर ग्राही प्रथिनं असतात. रेणू तिथे टेकला की पेशी जागी होते आणि चाळणीसारखी भोकं असलेल्या हाडातून वर मेंदूकडे संदेश पाठवते. मेंदूचा भाग बाहेरच्या हवेच्या इतक्या जवळ दुसरीकडे कुठेच येत नाही.

ही ग्राही प्रथिनं ज्या जनुकांतून बनतात ती लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांत शोधली. त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसात अशी चालू स्थितीतली जनुकं सुमारे ४०० आहेत. रंग पाहायला डोळ्याला तीन प्रकारचे शंकू पुरतात, आणि वासासाठी मात्र ४००! एक रेणू अनेक ग्राहींना कमी-जास्त हलवतो, त्या सगळ्यांचा मिळून एक नमुना तयार होतो आणि तो नमुना मेंदू वाचतो. पेटीवर सूर थोडे असले तरी राग पुष्कळ वाजवता येतात, तसंच हे आहे.

२. माणसाचं नाक दुबळं असतं, खरं ना? कुत्र्यापुढे आपण काहीच नाही?

ही समजूत एकोणिसाव्या शतकातली. पॅरिसचे शरीरशास्त्रज्ञ पॉल ब्रोका यांनी पाहिलं, की माणसाच्या मेंदूच्या मानाने त्याचा गंधकंद, म्हणजे नाकाकडून आलेले संदेश घेणारा मेंदूचा भाग, फारच लहान आहे. त्यावरून माणूस वासाच्या बाबतीत मागे पडलेला प्राणी ठरला, आणि पुढची शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांनी तेच घोकलं. २०१७ मध्ये मज्जाशास्त्रज्ञ जॉन मॅकगॅन यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात या समजुतीची नीट तपासणी केली. आपला गंधकंद प्रत्यक्ष मापाने लहान नाही, बाकीचा मेंदू अवाढव्य वाढला म्हणून तो लहान दिसतो.

बर्कली विद्यापीठातला एक प्रयोग मला फार आवडतो. गवतात १० मीटर लांबीची चॉकलेटच्या वासाची रेघ ओढली. माणसांचे डोळे बांधले, कान बंद केले, हातात जाड मोजे घातले आणि त्यांना रांगत माग काढायला सांगितलं. ३२ जणांपैकी दोन-तृतीयांश लोकांना तो काढता आला. काही दिवस सराव केल्यावर त्यांचा वेगही वाढला. एक नाकपुडी बंद केली की अचूकपणा घसरायचा.

कुत्रा माग काढण्यात आपल्या फार पुढे आहे, यात वाद नाही. पण काही रेणूंच्या बाबतीत माणसाचं नाक प्राण्यांच्या तोडीस तोड उतरतं. आपण वास घ्यायला कधी खाली वाकतच नाही, ही खरी अडचण.

३. माणूस किती वास ओळखू शकतो? कुठे दहा हजार वाचलं, कुठे एक लाख कोटी.

दोन्ही आकडे जपून घ्यावेत. दहा हजार हा आकडा १९२७ सालच्या एका अंदाजातून आला आणि नंतर कुणी न तपासता पसरला. एक लाख कोटी हा आकडा २०१४ मधल्या एका शोधनिबंधातला. पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी त्यामागचं गणित तपासलं आणि ते किती डळमळीत आहे हे दाखवलं. गृहीतं जराशी बदलली की आकडा कुठल्या कुठे जातो. वासांना रंगांसारखी मोजपट्टी अजून सापडलेली नाही (प्रश्न १२ पाहा), म्हणून ठाम आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

४. सर्दी झाली की जेवणाला चव का लागत नाही? जीभ तर बरी असते.

जीभ बरीच असते. गोड, आंबट, खारट, कडू आणि १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी वेगळी काढलेली उमामी (रस्स्यासारखी भरदार चव), एवढं तिला कळत राहतं. बाकी आपण ज्याला ‘चव’ म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो. घास चावताना त्यातले रेणू घशामागून वर नाकात चढतात. मेंदू त्यांचं ठिकाण तोंड असं ठरवतो आणि आपल्याला वाटतं जिभेनेच सगळं केलं.

घरी करून पाहा. नाक चिमटीत धरून वेलदोड्याचं श्रीखंड खा. गोड आणि आंबट कळेल, वेलदोडा कळणार नाही. आता चिमटी सोडा. वेलदोडा कुठून आला तेही कळेल.

जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा जो नकाशा शाळेत काढायला लावायचे, तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर बहुतेक सगळीकडे कळतात.

५. मग तिखट ही चव आहे की नाही? आपल्याकडे तर षड्रस सांगितले आहेत.

मिरचीचा तिखटपणा चवीच्या किंवा वासाच्या चेतातंतूंनी जात नाही. तो जातो चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या त्रिशाखी चेतातंतूने, म्हणजे वेदना आणि उष्णतेच्या वाटेने. मिरचीतलं कॅप्सेसिन ज्या ग्राहीला चिकटतं तोच ग्राही साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर भाजल्याची खबर देतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी होते. म्हणून ‘जीभ भाजली’ आणि ‘तिखटाने जीभ भाजली’ हे आपलं बोलणं शब्दशः बरोबर आहे. तुरटपणा हाही बराचसा स्पर्श आहे. जांभूळ, सुपारी, कच्चं केळं यांतले तुरट पदार्थ लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतात आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटतं.

यावरून षड्रस खोटे ठरत नाहीत. त्या विचारात ‘रस’ म्हणजे खाताना आलेला पूर्ण अनुभव, एकेक चेतातंतू नव्हे. वाचताना एक ध्यानात ठेवावं: संस्कृतातला ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी जाऊन बसले आहेत, आणि त्यामुळे आयुर्वेदावरच्या मराठी लेखांत पुष्कळ घोटाळे होतात.

६. पहिल्या पावसात मातीला वास येतो तो कशाचा?

मुख्यतः जिओस्मिन नावाच्या रेणूचा. स्ट्रेप्टोमायसिस जातीचे मातीतले जिवाणू तो बनवतात. कोरड्या दिवसांत मातीच्या कणांवर वनस्पतींची तेलं आणि असे रेणू साठत जातात. थेंब पडला की मातीच्या छिद्रांतली हवा बारीक बुडबुड्यांनी वर येते, बुडबुडे फुटतात आणि वास तुषारांवर बसून पसरतो. थेंब पडताना हे कसं घडतं त्याचं चित्रण एमआयटीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं.

माणसाचं नाक जिओस्मिनच्या बाबतीत अतिशय तिखट आहे. लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश असले तरी आपल्याला कळतं. बिटाला येणारा मातकट वास याच रेणूचा आणि तळ्यातल्या माशाला कधीकधी येणारी चिखलाची चवही याचीच. जिवाणूंना त्याचा काय उपयोग, हे २०२० मध्ये कळलं. त्या वासावर मातीतले उड्या मारणारे बारीक जीव येतात, जिवाणू खातात आणि त्यांची बीजं अंगावर घेऊन दुसरीकडे नेतात.

या वासाचं ‘पेट्रिकोर’ हे नाव १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ठेवलं. त्यांच्याच निबंधात उत्तर प्रदेशातल्या अत्तरवाल्यांचा उल्लेख आहे. कनौजचे कारागीर भाजलेल्या मातीच्या खापऱ्या देगेत उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात आणि मातीचं अत्तर करतात. शास्त्राने नाव ठेवण्याच्या कितीतरी आधी हा वास बाटलीत भरला गेला होता. आणि ‘मृद्गंध’ असा नेमका शब्द आपल्याकडे असताना मराठी लेखात पेट्रिकोर लिहिण्याची गरज मला तरी दिसत नाही.

७. एखादा वास आला की एकदम लहानपण का आठवतं? फोटो पाहून इतकं होत नाही.

दिसलेलं आणि ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस या मधल्या ठाण्यात जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. वासाची मुख्य वाट या ठाण्यावर थांबत नाही. ती भावनांशी आणि आठवणींशी बांधलेल्या भागांपाशी जवळजवळ थेट पोचते.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये वयस्कर माणसांना काही शब्द, काही चित्रं आणि काही वास दिले आणि जे आठवेल ते सांगायला सांगितलं. शब्दांनी आणि चित्रांनी जाग्या झालेल्या आठवणी बहुतेक तरुणपणाच्या होत्या. वासांनी जाग्या झालेल्या आठवणींत दहा वर्षांच्या आतल्या सर्वांत जास्त होत्या. आजीच्या पेटीतल्या डांबरगोळ्या, नव्या वह्यांचा वास, चुलीवरचं दूध हे वास आपल्याला भेटतात तेव्हा त्यांना नाव द्यायचंही वय नसतं. नंतर त्यांच्यावर दुसऱ्या आठवणी फारशा चढत नाहीत, म्हणून ते तसेच राहतात.

पण वासाने आलेली आठवण अचूक असतेच असं नाही. ती उत्कट असते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

८. वासांना शब्दच नसतात, ‘अमक्यासारखा वास’ असंच म्हणावं लागतं. हे सगळ्याच भाषांत असतं का?

नाही, आणि हे कळायला भाषाशास्त्रज्ञांना जंगलात जावं लागलं. मलाय द्वीपकल्पात जहाई नावाचे शिकारी-संग्राहक लोक राहतात. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की जहाई भाषेत वासांसाठी सुमारे डझनभर स्वतंत्र शब्द आहेत. ते कुठल्या एका वस्तूची नावं नाहीत, आपल्या ‘लाल’, ‘पिवळा’सारखे गुण आहेत. पेट्रोल, धूर आणि वटवाघळाची विष्ठा यांना एकच शब्द. वाघाला खेचून आणणाऱ्या रक्ताच्या वासाला वेगळा शब्द. जहाई माणूस रंगाचं नाव सांगतो तितक्याच सहज वासाचं सांगतो, तर इंग्रजी बोलणारे त्याच वासासाठी लांबलचक वर्णनं करत राहतात. पुढे २०१८ मध्ये त्याच भागातल्या दोन शेजारी जमाती पाहिल्या. शिकारी सेमाक बेरींना वासांची नावं सहज देता आली, शेती करणाऱ्या सेमेलाईंना नाही. दोघांच्या भाषा एकाच कुळातल्या, आसपासचं जंगलही तेच. फरक होता जगण्यात.

मराठी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते, असं मला वाटतं. आपल्याकडे ‘खवट’ आहे, ‘कुबट’ आहे, ‘करपट’, ‘आंबूस’, ‘ओशट’, ‘खमंग’, ‘उग्र’ आहे. वास पसरतो कसा यालाही शब्द आहेत: दरवळ, घमघमाट, भपकारा, दर्प. खवट हा शब्द खोबऱ्याला, शेंगदाण्याला, तेलाला आणि जुन्या फरसाणालाही चालतो, म्हणजे तो जहाई शब्दांच्याच जातीचा झाला. ‘खवटाण’, ‘करपटाण’, ‘कुबटाण’ यांच्या शेवटी तर ‘घाण’ हाच शब्द झिजून बसला आहे. आणि घाण आली संस्कृत ‘घ्राण’मधून, म्हणजे मुळात नुसता वास किंवा नाक. मराठीत येताना ती वाईट वासापुरती उरली.

माझी चिंता अशी, की हे शब्द स्वयंपाकघरात टिकले आणि शाळेत कधी शिकवलेच गेले नाहीत. ज्या मुलांनी धान्य निवडलं नाही, खोबरं फोडून हुंगलं नाही, त्यांना खवट म्हणजे काय ते सांगायचं कसं?

९. सुगंध आणि दुर्गंध हे उपजत कळतं की संस्काराने?

दोन्हींनी, पण संस्कृतीचा वाटा आपण समजतो त्याहून कमी निघाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षावनातल्या शिकाऱ्यांपासून शहरवासीयांपर्यंत वेगवेगळ्या संस्कृतींतल्या लोकांना तेच रेणू हुंगायला दिले आणि आवडीनुसार लावायला सांगितले. व्हॅनिलाचा रेणू जवळजवळ सगळीकडे वर आला. पायांच्या घामाची आणि जुन्या चीजची आठवण देणारं आयसोव्हॅलेरिक आम्ल सगळ्यांत खाली गेलं. आवडीतल्या फरकांपैकी साधारण ४१ टक्के भाग रेणूवरून ठरत होता, ५४ टक्के माणसामाणसांतल्या फरकावरून आणि फक्त ६ टक्के संस्कृतीवरून.

हा अभ्यास कुप्यांमधल्या सुट्या रेणूंचा आहे, हे विसरू नये. रोजच्या जगण्यात वासाबरोबर नाव येतं, जागा येते, माणूस येतो. तिथे काय होतं ते पुढच्या उत्तरात.

१०. आमच्या इमारतीत एका घरातून सुक्या मासळीचा वास येतो, खरंच सहन होत नाही. हे नाकाचं की मनाचं?

हा प्रश्न उलट बाजूनेही येतो: “सुकट भाजली की शेजारी दार आपटतात, आम्ही काय करावं?” म्हणून सविस्तर लिहितो.

सुक्या बोंबलाचा वास तीव्र असतो, हे खरं. माशाच्या शरीरातल्या एका पदार्थापासून मासा जुना होताना ट्रायमिथिलअमाइन बनतं आणि ते फार थोडं असलं तरी नाकाला कळतं. इथवर रसायन. पुढचा भाग २००१ मधल्या एका प्रयोगातून समजतो. लोकांना एकच मिश्रण दोनदा हुंगायला दिलं, एकदा ‘पार्मेझान चीज’ असं सांगून आणि एकदा ‘ओकारी’ असं सांगून. रेणू तेच होते. पण पहिल्या वेळी लोकांना वास बरा वाटला आणि दुसऱ्या वेळी किळस आली. नाव बदललं आणि अनुभवच बदलला. ते लोक ढोंग करत नव्हते.

तुम्हाला होणारा त्रास खरा आहे. पण तो सगळा बोंबलातून येत नाही, त्यात बोंबलाविषयी लहानपणापासून ऐकलेलं बरंच मिसळलेलं असतं. कच्च्या हिंगाचा दर्प काही कमी नसतो. डब्यात डबा घालून ठेवावा लागतो, तरी हिंगाच्या घराला कुणी वासाचं घर म्हणत नाही. मुंबईत मांसमच्छी खाणाऱ्यांना घर नाकारताना वासाचं कारण पुढे केलं जातं, तेव्हा नाकाच्या आडून जात आणि धर्म बोलत असतात. वासावरून माणसांना खालचं ठरवणं जगात पुष्कळ ठिकाणी झालेलं आहे आणि इतिहासकारांनी ते नोंदवलेलं आहे. किळस ही भावना इतक्या झटक्यात येते की ती आपल्याला निसर्गच वाटते.

व्यवहारात सांगायचं तर सवयीने वासाची तीव्रता आणि किळस दोन्ही कमी होतात (प्रश्न १८ पाहा). वरचा पंखा आणि उघडी खिडकी यांनीही पुष्कळ काम होतं. दार आपटल्याने कुणाचाच त्रास कमी होत नाही.

११. मला कोथिंबिरीला साबणासारखा वास येतो. घरचे म्हणतात नखरे करतोस.

नखरे नाहीत. कोथिंबिरीतल्या वासाच्या रेणूंपैकी काही अ‍ॅल्डिहाइड गटातले आहेत आणि तसलेच रेणू साबणातही आढळतात. २०१२ मध्ये एका मोठ्या जनुकीय पाहणीत साबणाचा वास येणाऱ्यांचा संबंध OR6A2 (ओआर-सिक्स-ए-टू) या वासग्राही जनुकाजवळच्या फरकाशी जुळला. तो फरक सगळं ठरवत नाही, सवयीचा भागही मोठा आहे. ज्या घरांत कोथिंबीर रोज पडते तिथे अशी तक्रार कमी ऐकू येते. पानं खलबत्त्यात कुटून चटणी केली की तो वास बराच उतरतो, कारण कुटल्यावर पानातलीच विकरं (एन्झाइम्स) ते रेणू मोडतात.

असे फरक प्रत्येकात असतात. घामातल्या अ‍ॅन्ड्रोस्टेनोन या रेणूचा वास काहींना मुतासारखा येतो, काहींना गोडसर, काहींना येतच नाही. यामागचं जनुक २००७ मध्ये सापडलं. दोन माणसं एकच फूल हुंगतात तेव्हा दोघांना तोच वास येतो, हे गृहीत धरू नये.

१२. रेणू पाहून त्याचा वास सांगता येतो का?

अर्धामुर्धा. कार्व्होन नावाचा एक रेणू आहे. त्याची दोन रूपं असतात, उजव्या आणि डाव्या हातासारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा. अणू तेच, संख्या तीच. एकाला पुदिन्याचा वास येतो आणि दुसऱ्याला बाळंतशेपांचा. वितळणबिंदू, उत्कलनबिंदू यांत ज्यांचा फरक दिसत नाही ते दोन रेणू नाक हुंगल्याबरोबर वेगळे काढतं!

२०२३ साली दोन मोठ्या गोष्टी झाल्या. रेणू धरून बसलेल्या मानवी वासग्राहीची रचना पहिल्यांदाच अणूपर्यंत स्पष्ट दिसली. दुसरं, संगणकाला हजारो रेणू आणि त्यांच्या वासांची वर्णनं शिकवून ‘वासांचा नकाशा’ तयार झाला. चारशे नवे रेणू दिल्यावर निम्म्याहून थोड्या अधिक रेणूंच्या बाबतीत त्याचं वर्णन हुंगणाऱ्या माणसांच्या गटाच्या सरासरीशी त्या गटातल्या सामान्य परीक्षकाच्या वर्णनापेक्षा जास्त जुळलं. पण हे सुट्या रेणूंपुरतं आहे. गोड्या मसाल्यासारख्या मिश्रणात शेकडो रेणू असतात आणि ते एकमेकांना दाबतात, उचलतात. तिथे संगणक अजून चाचपडतो आहे.

१३. भारतात यावर काही काम होतं का?

होतं, आणि त्याची सुरुवात मुंबईत झाली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. सत्तरच्या दशकात ते फळमाशीकडे वळले. गंध आणि चव नीट न कळणाऱ्या माश्या शोधायच्या आणि त्यांच्यातलं कुठलं जनुक बदललं ते पाहायचं, अशी त्यांची वाट होती. त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज, गोव्याच्या कुटुंबातल्या आणि केनियात जन्मलेल्या. त्यांनी या कामाला आकार दिला. बक आणि अ‍ॅक्सेल यांना ग्राहींची जनुकं सापडण्याच्या दशकभर आधीची ही गोष्ट. मराठी वाचकांना ती फारशी ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. आज बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेमध्ये गंधावर काम चालतं. पुण्याच्या गटाने कोविडच्या काळात माणसाची वास ओळखण्याची क्षमता मोजणारं यंत्रही वापरून पाहिलं.

१४. कोविडमध्ये वास गेला. नाकातल्या पेशी मेल्या का? वास परत येईल का?

बहुतेकांचा परत आला, पुष्कळांचा काही आठवड्यांतच. कारण असं, की विषाणूला शिरायला जे दार लागतं ते वासाच्या चेतापेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर आहे. २०२० मध्येच हे स्पष्ट झालं. आधार कोसळला की चेतापेशी काम थांबवतात. शिवाय वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने बनत राहतात. मेंदूशी जोडलेल्या फार थोड्या पेशींच्या नशिबी हे असतं.

ज्यांचा वास महिनोन्‌महिने परतला नाही, त्यांच्या नाकातल्या त्या पट्ट्यात सूज धरून ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी टिकून राहिलेल्या २०२२ मध्ये आढळल्या. म्हणजे तुमचा त्रास खरा आहे, मनाचा खेळ नाही. वास नसलेलं जेवण, आपल्या बाळाच्या डोक्याचा वास न येणं, अंगाला घाम येतोय का याची सतत धास्ती, याने माणूस खचतो. घरच्यांनी “वासच तर गेलाय” असं म्हणू नये.

१५. वास परत आला, पण कांदा-लसणाची फोडणी सडल्यासारखी येते, कॉफी तर प्यायवत नाही.

याला गंधविपर्यास म्हणतात. परतणाऱ्या चेतापेशींपैकी काहीच जोडल्या गेलेल्या असतात, म्हणून नमुना अर्धवट पोचतो (प्रश्न १) आणि मेंदू तो चुकीचा वाचतो. भाजलेल्या-तळलेल्या पदार्थांतले, कांदा-लसणातले आणि कॉफीतले काही गंधकयुक्त रेणू फार थोडे असूनही नाकाला चटकन कळतात. बहुतेकदा तेच हा त्रास चेतवतात. तोवर भाजलेलं-तळलेलं टाळून दहीभात, फळं, उकडलेलं असं गार किंवा कोमट खाल्लं तर पोट भरतं. पुष्कळदा हा पेशी परत जुळत असल्याचा टप्पा असतो.

१६. नाकाचा सराव म्हणजे काय? घरी करता येतो का?

येतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुम्मेल यांनी २००९ मध्ये चार वास घेतले: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. दिवसातून दोनदा हुंगायचे, १२ आठवडे. सराव करणाऱ्यांत न करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. घरी झाकणाच्या लहान बाटल्या घ्या. प्रत्येक वास दहा-पंधरा सेकंद, हलके-हलके श्वास घेत हुंगा. मधे थोडं थांबा. हुंगताना तो वास कसा होता ते मनात आणायचा प्रयत्न करा, काहीच आलं नाही तरी. निलगिरीचं तेल नाकात घालू नका. हमखास गुण येईल असं नाही, पण अपाय नाही आणि खर्चही फारसा नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवून सुरुवात केलेली बरी, कारण नाकातली गाठ किंवा सायनसची सूज असेल तर उपाय वेगळा.

१७. मेन्थॉलचं मलम लावलं की कळतं. म्हणजे माझं नाक शाबूत आहे ना?

तेवढ्यावरून नाही. मेन्थॉलचा गारवा, अमोनियाची चरचर, कांद्याने येणारं पाणी हे त्रिशाखी चेतातंतूचं काम आहे (प्रश्न ५). वास पूर्ण गेलेल्या माणसालाही हे कळतं. तपासायचंच तर कॉफीची पूड किंवा दालचिनी डोळे मिटून हुंगा आणि दुसऱ्याला बरण्या बदलायला सांगा. आणि मेन्थॉलने नाक ‘मोकळं’ होतं तेही बहुतांशी गार वाटण्याने. आत जाणारी हवा फारशी वाढत नाही.

१८. माझ्याच घराचा वास मला का येत नाही? मग गॅस गळला तर?

न बदलणाऱ्या वासाकडे नाक आणि मेंदू काही मिनिटांत दुर्लक्ष करू लागतात. बाहेरगावाहून परतल्यावर दार उघडताच येतो तो आपल्या घराचा खरा वास.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. पण सवय याच वासालाही लागते. म्हणून एकदा आला आणि मग ‘गेला’ असं वाटलं तरी गेला असं धरू नये. रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, दिव्याच्या बटणाला हात लावू नये. घरात कुणाला वास येत नसेल तर गॅसचा इशारा देणारं यंत्र बसवाच.

अत्तराच्या दुकानात मधेमधे हुंगायला कॉफीच्या बिया देतात, तेही पुष्कळ जण विचारतात. प्रयोगात त्या साध्या हवेपेक्षा सरस ठरल्या नाहीत. स्वतःच्या बाहीत दोन श्वास घ्या, पुरे.

१९. आजोबांना वास येत नाही. वयामुळे असेल की पार्किन्सन?

बहुधा वयामुळे. साठी-सत्तरीनंतर वास मंदावणं फार सर्रास आहे, आणि हळूहळू होत असल्याने खुद्द त्या माणसालाही कळत नाही. भाजीत मीठ वाढत जातं, शिळं अन्न ओळखता येत नाही, खाणं कमी होतं. यांवर लक्ष ठेवा.

हे मात्र खरं, की पार्किन्सनमध्ये हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधी वास कमी होऊ शकतो. पण वास कमी झालेल्यांपैकी बहुतेकांना पार्किन्सन होत नाही. हालचाल मंदावणं, अक्षर बारीक होत जाणं, झोपेत हातपाय झाडणं असं काही सोबत दिसलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

याची उलटी बाजूही आहे. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या परिचारिकेला पतीच्या अंगाचा वास बदललेला जाणवला, निदान होण्याच्या बारा-एक वर्षं आधी. संशोधकांनी तिला काही टी-शर्ट हुंगायला दिले. तिने निरोगी गटातल्या एकालाही रुग्ण म्हटलं, आणि पुढे त्या माणसाला खरोखरच पार्किन्सन निघाला. तिच्या नाकावरून सुरू झालेलं काम २०१९ मध्ये त्वचेवरच्या तेलकट स्रावातले नेमके रेणू शोधण्यापर्यंत पोचलं.

२०. नजरेसारखी वासाची तपासणी होते का?

होते. अमेरिकेत रिचर्ड डोटी यांनी १९८४ मध्ये आणलेली चाचणी प्रसिद्ध आहे. चाळीस ठिपके खरवडून हुंगायचे आणि चारातलं एक उत्तर निवडायचं. पण त्यात रूट बिअरसारखे वास आहेत. ज्याने ते पेय कधी प्यायलंच नाही त्याचं उत्तर चुकलं तर दोष नाकाचा नाही. म्हणून चाचणी नुसती भाषांतरित करून चालत नाही, त्यात इथले वास घालावे लागतात. तुम्हाला परदेशी चाचणी दिली गेली आणि गुण कमी आले, तर कुठले वास ओळखीचेच नव्हते ते डॉक्टरांना जरूर सांगा.

२१. मला जळका वास येतो, घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही.

आधी घर नीट पाहा, खासकरून विजेची बटणं. खरंच काही नसेल तर हा गंधभास. सर्दीनंतर, सायनसच्या किंवा दाताच्या संसर्गात, अर्धशिशीत तो येतो आणि बहुधा ओसरतो. पण तो अचानक येऊन मिनिटा-दोन मिनिटांत जात असेल, त्यावेळी भान हरपत असेल किंवा तोच प्रसंग आधी घडल्यासारखं वाटत असेल, तर तो अपस्माराचा (फिटचा) झटका असू शकतो. तेव्हा थांबू नका.

२२. आमच्या मुलाला जन्मापासूनच वास येत नाही, हे चौदाव्या वर्षी कळलं. काही करावं लागेल का?

उशिरा कळणं नेहमीचंच आहे. सगळे ‘छान वास’ म्हणतात म्हणून मूलही म्हणतं. पुष्कळांच्या बाबतीत पुढे काहीच होत नाही. ते गॅसचं यंत्र (प्रश्न १८) आणि अन्नावर तारीख लिहिण्याची सवय एवढ्यावर निभावून नेतात.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. गर्भात असताना वयात येण्याचा हुकूम देणाऱ्या चेतापेशी नाकाच्या भागात जन्मतात आणि वासाच्या चेतातंतूंच्या आधाराने मेंदूत चढतात. ती वाट तयार झाली नाही तर वासही येत नाही आणि वयात येणंही लांबतं. याला कॉलमन लक्षणसमूह म्हणतात. मुलाचा आवाज फुटलेला नसेल, शरीरात बदल दिसत नसतील तर संप्रेरकतज्ज्ञांकडे न्या. संप्रेरकांच्या उपचाराने वयात येता येतं, आणि पुढे मूल होण्यासाठीही उपचार आहेत. वास त्याने येत नाही.